न दिलेली ओ

भुतंखेतं, अंगात येणं, बाहेरची बाधा… यातलं काहीही मी आयुष्यात मानलेलं नाही. असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीला हेच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. मीही या सदराचा जुना वाचक आहे. पण माझ्या न मानण्याला घरचं कारण आहे. आमचं मूळ गाव खर्ड्याजवळ. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, उंबऱ्यावरची घोड्याची नाल असं सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं. पुढं मी थोडा मोठा झाल्यावर अंधारात विहिरीवर जायला कां-कू केली, की ते हातातला कंदील काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता जा. काय हाय ते बघून ये." मी जायचो. तिथं काही नसायचं. विहीर असायची.

अशा माणसाचा मी मुलगा. आणि तरीही खाली जे लिहितो आहे, त्याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही.

पण मुळात हे मी अनुभव म्हणून लिहीत नाही, दुरुस्ती म्हणून लिहितो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच मासिकात माझा एक लेख आला होता — अकोले तालुक्यातल्या एका कड्यावर, पाय मोडलेल्या वाटाड्यासोबत मी रात्र कशी काढली, त्याला बोलत कसं ठेवलं, पहाटे खाली उतरून जीप कशी आणली. पुष्कळांना तो आवडला. पत्रं आली. एका शाळेनं तो लॅमिनेट करून भिंतीवर लावल्याचं कळलं. त्या लेखातली वाट खरी होती, कडा खरा होता, देवरामचा मोडलेला पाय खरा होता. कड्यावर रात्रभर बसलेला मी तेवढा खोटा. त्या रात्री मी राजूरच्या लॉजवर होतो.

आता सगळं क्रमानं सांगतो.

माझं वय चौऱ्याहत्तर. नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत टूलरूमला होतो, तिथूनच रिटायर झालो. जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसतं. चाळिशीत डोंगराचा नाद लागला. साप्ताहिक सुट्टी आणि जोडून एखादी रजा मिळाली की एस.टी. पकडून अकोल्याच्या पश्चिमेला. नावाजलेल्या गडांवर मी फारसा रमलो नाही. तिथं जायला पुस्तकं आहेत, पाट्या आहेत. मला आवडायच्या त्या नकाशात नसलेल्या वाटा. लाकडं आणायच्या, हिरडा गोळा करायला जायच्या, गुरं वर न्यायच्या. वहीत त्यांचे कच्चे नकाशे काढायचे, दगडांचे आकार टिपायचे, आणि मग त्यावर चार पानं लिहायची. खाली नाव माझं. वाट दाखवणाऱ्याचं नाव आलं तर आलं, कंसात.

देवरामची ओळख अशीच झाली. राजूरच्या पुढं, जंगलाच्या पोटात पंचवीसेक घरांची वाडी आहे, तिथला तो. वाडीचं नाव देत नाही, आधीच्या लेखात दिलं तेवढं पुरे झालं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, किडकिडीत, दोन्ही गुडघ्यांत स्प्रिंग बसवल्यासारखा चालायचा. तो रामराम म्हणायचा, मी जय भीम. मी वही काढली की त्याला गंमत वाटायची. "साहेब, डोंगर काय पळून चाललाय का, लिहून ठेवताय त्यो?" त्याची बायको हिराबाई आमच्यासाठी नाचणीची भाकरी बांधून द्यायची. मी तिला वहिनी म्हणायचो.

त्यानं मला एक नेढं दाखवलं होतं. नेढं म्हणजे डोंगराच्या धारेला आरपार पडलेलं भोक. नावाजलेली नेढी सगळ्यांना माहीत आहेत. हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या अलीकडं काळे दगड खांबांसारखे ओळीनं उभे, कुणी रचून ठेवल्यासारखे, आणि त्या खांबांमधून एक चिंचोळी घळ खाली उतरते. घळ संपते तिथं एक मोठा अर्धगोल कडा. वाडीतले लोक त्याला हाकंचा कडा म्हणतात. आवाज काढला की कडा तो परत देतो. तशी पुष्कळ ठिकाणं आहेत. पण हा कडा इतका स्वच्छ आवाज परत देतो की कोणता माणसाचा आणि कोणता दगडाचा ते सांगता येत नाही.

पहिल्याच खेपेला देवरामनं मला तिथं बसवून तिथला रिवाज शिकवला होता. जंगलात एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, कुकारा देतात. तोंडाशी हात धरून लांब "कूऽऽ". तो म्हणाला, "हितं येक कुकारा दिला की दोन ऐकू येत्यात. येक मानसाचा, येक कड्याचा. म्हनून दोनाला ओ द्यायची न्हाई. कोनी गुराला हाकलत आसंल, कोनी उगंच वरडलं आसंल. पन अडलेला मानूस येकदा कुकारून गप बसत न्हाई, फिरून देतोच. त्यो तिसरा. तिसऱ्याला ओ द्यायची."

मी ते वहीत लिहून घेतलं.

"आन ओ दिली की जागा सोडायची न्हाई," तो पुढं म्हणाला. "त्यो तुमच्या आवाजावर चालत येतोय. तुमी हालला तर त्यो कड्यावरनं जातोय."

तेही लिहून घेतलं. नंतर लेखात 'आदिवासींचे ध्वनिशास्त्र' असं उपशीर्षक देऊन छापलं. आता वाचताना कसंसंच होतं.

तर तो दिवस. मार्गशीर्ष होता, थंडी बऱ्यापैकी होती. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. नेढ्याचे फोटो हवे होते, तेही दुपारच्या उन्हात. देवरामला भाताच्या झोडणीचं काम होतं, तरी माझ्या शब्दाखातर आला. फोटो झाले, घळीतून सावकाश उतरून कड्याखालच्या सपाटीवर आलो, आणि तेव्हा लक्षात आलं की वही वर नेढ्यातच राहिली. चार वाजून गेले होते. देवराम म्हणाला, वही कुठं जात न्हाई, उद्या सकाळी आणून राजूरला पोच करतो. मी ऐकलं नाही. वहीत दोन वर्षांच्या वाटा होत्या, रात्रीत दव पडलं तर शाई फुटेल, असं काहीतरी मी म्हणालो. त्याच्या कपाळाला आठी पडली. घळीतून उतरताना एक दगड हलताना त्यानं पाहिला होता, ते त्यानं मला सांगितलंही होतं. तरी गेला. जाताना म्हणाला, "तुमी हितंच बसा. परत निघालो की कुकारा देतो."

मी बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ऊन कड्याच्या माथ्यावर चढलं आणि खाली सावली आली. तिथं सावली आली की गारवा एकदम उठतो, विहिरीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा. दगड गडगडल्याचा आवाज आला. मोठा नव्हता. मग बराच वेळ काही नाही.

मग कुकारा आला. पाठोपाठ दुसरा.

मी उठून उभा राहिलो. दोन ऐकले. म्हणजे देवरामचा एक आणि कड्याचा एक, किंवा पलीकडच्या कुणा गुराख्याचा एक आणि कड्याचा एक. निघताना कुकारा देतो असं तो म्हणालाच होता. पण निघाला म्हणून दिलेल्या कुकाऱ्यासारखा तो आवाज नव्हता. शेवटाला तुटला होता. हे मला तेव्हाच कळलं होतं, आता लिहिताना सुचलेलं नाही.

रिवाजाप्रमाणं दोनाला ओ द्यायची नाही. मी ओ दिली नाही. वाडी तिथून दीड तासावर, जंगलातून. डांबरी फाटा दुसऱ्या अंगाला, चाळीस मिनिटांवर. फाट्यावरून राजूरला जाणारी शेवटची जीप सहाच्या सुमाराला असते. मी मनाशी ठरवलं, देवराम वरच्या वाटेनं परस्पर वाडीला गेला असणार. त्याचा डोंगर, त्याला काय होणार… आणि मी फाट्याकडं निघालो.

जीप काशिनाथ नावाचा माणूस चालवायचा. त्यानं विचारलं, देवराम कुठं हाय? मी म्हणालो, घरी गेला. राजूरला लॉज घेतला. समोरच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. भूक चांगली लागली होती. झोपही लागली. लाज वाटते ती याच गोष्टीची सगळ्यात जास्त. तळमळलो असतो तर आज सांगायला तेवढं तरी राहिलं असतं.

सकाळी जाग आली ती मात्र दचकून. पहिली जीप मिळाली — काशिनाथची नव्हे, दुसऱ्याची — ती फाट्यापर्यंत न्यायला लावली. फाट्यावर उतरतो तर समोरून पाच-सहा माणसं येत होती. बांबूला घोंगडी बांधून केलेली झोळी, आणि झोळीत देवराम. मागं हिराबाई. आता हे काय काय विचारतील, त्याची उत्तरं मी मनात जुळवायला लागलो.

कुणी काही विचारलं नाही. पुढचा माणूस म्हणाला, "आनली का जीप? बरं झालं, लई टायमावर आनली."

मला काही कळेना. झोळी खाली ठेवली. देवरामचा उजवा पाय मांडीत मोडला होता, दोन काठ्यांत बांधला होता. ओठ फुटलेले, चेहरा राखेसारखा. त्यानं मला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"आलात का," तो म्हणाला. "मी सांगतच व्हतो यांला. साहेब आत्ताच उतरले, जीप आनाया गेल्यात म्हनून."

वाडीच्या माणसांनी जे सांगितलं ते असं. रात्री देवराम घरी आला नाही, पण साहेब सोबत आहेत, राजूरला थांबले असतील, म्हणून हिराबाईनं आधी काळजी केली नाही. पहाटे तिला राहवेना. माणसं निघाली. कड्याखाली आल्यावर वर घळीतून बोलण्याचा आवाज ऐकू आला. दोघांचा. एकानं तर सांगितलं की हसणंही ऐकू आलं. वर चढून गेले तर खांबांच्या कपारीत देवराम एकटाच. म्हणाला, साहेब आत्ता उतरले.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी देवरामच्या डोक्याखाली हात घातला, त्याला जीपमध्ये चढवू लागलो आणि म्हणालो, "आधी दवाखाना."

खोटं बोललो नाही. नुसतं गप्प बसलो. पुढं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अशा थंडीत झोप लागली असती तर कठीण होतं, तुम्ही जागं ठेवलंत म्हणून वाचला. तेव्हाही गप्प बसलो. महिन्याभरानं वाडीतल्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. मी दोन शब्द बोललो. ते दोन शब्द खोटे होते. आणि मग लेख लिहिला, तो चार पानं खोटा होता. थंडी कशी होती, चांदण्या कशा होत्या, कड्याच्या काठाशी ओणवं होऊन मी त्याच्याशी कसं बोलत होतो… लॉजच्या चादरीत झोपलेल्या माणसानं चांदण्यांचं वर्णन केलं.

त्या लेखानं आणखी एक झालं. मी त्या कड्याला 'एको पॉइंट' म्हटलं होतं. आता शनिवार-रविवारी बस भरून पोरं येतात आणि दिवसभर तिथं ओरडतात. हिरडा गोळा करणाऱ्यांना त्या बाजूला एकमेकांचा कुकारा ओळखू येत नाही.

आता जो भाग मला समजत नाही, तो.

लेख छापून आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मी देवरामला भेटायला गेलो. तो कुबडी घेऊन ओट्यावर बसला होता. कोरा चहा झाला. मी त्याला विचारलं… चोर जसा आपल्याला कुणी बघितलं का हे आडून विचारतो तसं… त्या रात्रीचं तुला काय काय आठवतं?

"सगळं," तो म्हणाला. "दगड सुटला, मी कपारीत गेलो. पाय गेला हे कळलं. येक कुकारा दिला. काय न्हाई. मंग दम धरून फिरून दिला, आन तुमी लगेच ओ दिली. खालनं. मंग वर आलात, कपारीच्या तोंडाशी बसलात. दिसत नव्हते तुमी, अंधार व्हता. पन बोलत व्हते ना."

मी म्हणालो, काय बोलत होतो?

तो हसायला लागला. हसून हसून त्याला ठसका लागला. "ते इंजेक्शनचं, साहेब. चौदा. खोटं निभवाया मानूस पोटात चौदा सुया घेतो, आसं म्या तर कुठं ऐकलं न्हाई."

मी कपबशी खाली ठेवली आणि सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली.

ही गोष्ट अशी. नोकरीला लागून पहिलाच आठवडा होता. हेल्परला लेथला हात लावायची परवानगी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी मशीन चालू केलं आणि कापताना सुटलेली लोखंडाची गरम कुरळी पट्टी मनगटाच्या वर गुंडाळली. मांस फाटलं. नोकरी जाईल या भीतीनं मी मागच्या गेटनं बाहेर पडलो, हात धुतला, रुमाल बांधला आणि सगळ्यांना सांगितलं की कुत्रं चावलं. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं असायची. सरकारी दवाखान्यात रोज सकाळी जाऊन ती मी घेतली. एकही चुकवलं नाही. आईनं माझ्यासाठी चौदा दिवस मीठ कमी खाल्लं, का ते तिलाच ठाऊक. बायकोला लग्नानंतर कुत्र्याचंच सांगितलं. मुलांनाही. ही खरी हकीकत मी हे लिहायला बसेपर्यंत एकाही माणसाजवळ बोललेलो नव्हतो. देवरामजवळ तर कधीच नाही.

आणि तो ओट्यावर बसून मला ती सांगत होता. मागचं गेट, रुमाल, आईचं मीठ, सगळं.

मी खूप विचार केला आहे. वेदनेत माणसाला भास होतात, हे मान्य. थंडीत, तहानेत, आपलाच आवाज कड्यावरून परत येऊन दुसऱ्याचा वाटतो, हेही मान्य. खालच्या माणसांनी दोघांचं बोलणं ऐकलं, तेही त्या कड्याचंच काम असेल. पण भासातही माणसाला जे मुळात ठाऊकच नाही ते कसं ऐकू येईल? मनगटावरच्या खुणेवरून देवरामनं काही ताडलं असेल का? खूण पाहून कुत्रंच वाटतं. डॉक्टरला वाटलं होतं. मी कधी झोपेत बडबडलो असेन का? देवरामबरोबर मी एकदाही मुक्काम केलेला नव्हता, दरवेळी संध्याकाळी राजूर गाठायचो. पुढं विचार करत गेलो की मी लहानपणीच्या त्याच विहिरीवर जाऊन पोचतो, आणि या वेळी 'तिथं काही नाही' असं सांगत परतता येत नाही.

देवराम त्यानंतर बारा वर्षं जगला, लंगडत का होईना. प्रत्येक भेटीत त्या रात्रीचं काही ना काही काढायचा. "तुमी सांगितलं व्हतं बघा…" अशी सुरुवात करायचा. सगळं खरं असायचं. सगळं माझं असायचं. मी नुसता हसायचो. एकदा तो म्हणाला, "साहेब, दिवसा तुमी येवढं मोकळं बोलत न्हाई कधी." मी म्हणालो, वय झालं आता.

गेल्या हिवाळ्यात देवराम गेला. झोपेतच गेला. मी दहाव्याला गेलो नाही. चार माणसं जमणार, त्या रात्रीचं निघणार, परत माझंच कौतुक होणार… हिंमत झाली नाही. फाल्गुनात एका मधल्या वारी, गर्दी नसताना, मुलाला गाडीनं वाडीजवळ सोडायला लावलं, त्याला फाट्यावर थांबायला सांगितलं आणि एकटाच वाडीत गेलो. हिराबाई ओसरीवर बसून सुपात नाचणी पाखडत होती.

पाणी दिलं तिनं. मी प्यालो आणि म्हणालो, "वहिनी, त्या रात्री मी तिथं नव्हतो."

सूप थांबलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

तिनं भुसा फुंकून बाजूला केला. म्हणाली, काशिनाथनं त्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं, साहेब सांजच्याला माझ्या जीपमध्ये बसून राजूरला उतरले म्हणून. तिनंच त्याला बजावलं होतं की हे परत कुठं बोलायचं नाही.

"देवरामला सांगितलं नाही?"

"त्यांला ओ मिळाली व्हती," ती म्हणाली. "ती मी कशापायी काढून घिऊ?"

मग तिनंच विचारलं, "मला वाटायचं, तुमी कवातरी येताल आन सांगताल. कोन व्हतं त्ये?"

बारा वर्षं ती माझी वाट पाहत होती, आणि ती माझी कबुली ऐकायला नाही. तिला वाटत होतं मला ठाऊक असेल. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. "किती ऐकलं व्हते तुमी?"

"दोन."

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं. "मंग दोष तुमच्याकडं न्हाई. दोनाला ओ द्यायची नसतीच." ती उठली, आत गेली, आणि एका पिशवीत घरचे तांदूळ घेऊन बाहेर आली. "बायकोला द्या. नवा हाय."

ती पिशवी हातात घेऊन मी कड्याकडं गेलो. दीड तासाचं अंतर मला अडीच तास लागलं. दुपारची वेळ, ऊन लख्ख, माणूस कुणी नाही. सपाटीवर 'एको पॉइंट' अशी पिवळ्या रंगानं रंगवलेली पाटी आहे, खाली कुण्या ग्रुपचं चिन्ह. मी बसायचो तो दगड तसाच आहे. वर घळ दिसत होती, खांब दिसत होते. मी ठरवून गेलो होतो की कुकारा द्यायचा. एकदा, आणि थांबून फिरून एकदा. जो कोणी त्या रात्री तिथं होता तो असेल तर असेल, नसेल तर निदान कडा तरी परत देईल.

तोंडाशी हात धरले. आवाज काढला नाही. पंधरा मिनिटं तसा उभा होतो, मग हात खाली घेतले आणि फाट्याकडं निघालो. ओ आलीच असती, तर ती कोणाच्या आवाजात आली असती हे मला ठाऊक होतं. तो आवाज मला ऐकवला नसता.

ते तांदूळ घरी डब्यात आहेत. बायकोनं दोनदा विचारलं, शिजवू का. मी थांब म्हणालो आहे. इंजेक्शनांचं मात्र तिला परवा सांगितलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, आणखी काय काय आहे? मी म्हणालो, लिहितो आहे, छापून आलं की वाच.

वाडीत हे मासिक जात नाही. पण हिराबाईची नात अकोल्याच्या कॉलेजात आहे, तिला मी अंक पाठवणार आहे, म्हणजे ती आजीला वाचून दाखवेल. ज्या पानासाठी हा सगळा खटाटोप केला ते हेच.

वर मी लिहिलं आहे की त्या संध्याकाळी मी दोन कुकारे ऐकले. ते वाक्य मुद्दाम तसंच ठेवलं आहे, खोडलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो. मी उठून उभा राहिल्यावर, फाट्याकडं चार पावलं टाकल्यावर, आणखी एक आला. मधे दम धरून, फिरून दिलेला. आधीच्या दोन्हींपेक्षा स्वच्छ. त्यानंतरचा, कड्याचा, मी ऐकला नाही, कारण तोवर मी कानटोपी खाली ओढली होती. मी भ्यालो होतो. ओ दिली असती तर जागा सोडता आली नसती.

ओ कोणी दिली, वर चढून कपारीच्या तोंडाशी रात्रभर कोण बसलं, माझी गोष्ट त्याला कुठून कळली — मला सांगता येत नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा. पण देवराम आता नाही आणि माझंही फार उरलेलं नाही.

वहिनी, तीन होते.